टेबलावर काढून ठेवलेला कॉम्प्रेसर

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. माझ्या सख्ख्या ताईने मला जसं सांगितलं, तसंच लिहितेय.

रात्र वगैरे नव्हती. मार्चमधला रविवार, दुपारचे तीन. घरामागच्या शेडमध्ये दाजींचं फ्रिज दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. तिथे ते एका जुन्या सोडा मशीनसमोर बसले होते. उंच, लाल, पत्र्याचं. दार उघडून बाटली ओढून काढायची, तसलं.

ते मशीन दाजींच्या धाकट्या भावाने आणलं होतं. बंद पडलेल्या एका थिएटरमधून.

"दादा, बघच तू. हे परत थंड करून दाखवतो," म्हणाला होता.

जानेवारीत धाकटा गेला. रस्त्यावर अपघातात, जागच्या जागी.

ताईने या दिराला बारा वर्षं स्वतःच्या हाताने जेवू घातलं होतं. रडून रडून ती अर्धी झाली. दाजींच्या डोळ्यांतून मात्र टिपूस आलं नाही. जेवायचे, झोपायचे, कामाला लागायचे.

मग मशीनला गिऱ्हाईक मिळालं. एका हॉटेलवाल्याला ते नुसतं शोभेला हवं होतं, आत पुस्तकं मांडायला. त्यामुळे थंड करणारं युनिटच काढून टाकायचं होतं.

दाजींनी गॅस काढला. नळ्या कापल्या. चार बोल्ट सोडवले आणि कॉम्प्रेसर, जाळी, पंखा असं अख्खं धूड ओढून टेबलावर ठेवलं. ना वायर, ना गॅस. नुसतं लोखंड.

चहा पिऊन ते परत आले. सहज कॉम्प्रेसरवर हात टेकला...

कोमट होता.

ऊन लागलं असेल, असं त्यांना वाटलं. पण त्या टेबलावर ऊन येतच नाही.

दुसऱ्या दिवशी तो चांगलाच तापला होता.

तिसऱ्या दिवशी ताई शेडमध्ये गेली, तर दाजी त्यावर पंजा टेकून शांत बसलेले. तिने नुसतं बोट लावलं आणि ओरडलीच.

"अहो, चटका बसतोय! हात काढा आधी!"

"बसतोय?" दाजींनी हात उचलून पाहिला.

तळव्यावर हा एवढा फोड. त्यांना पत्ताच नव्हता.

मलम लावायला ताईने तो हात धरला...

बर्फ.

तिने त्यांना थर्मामीटर लावला. पारा हललाच नाही. स्वतःला लावला, तर सरसर चढला.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, प्रेशर पाहिलं. "सगळं नॉर्मल आहे," म्हणाले. पण दाजींना तपासून झाल्यावर ते कितीतरी वेळ स्वतःचे तळवे एकमेकांवर चोळत होते.

घरी आल्यावर ताईने विचारलं, "तो कॉम्प्रेसर गरम कसा होतो हो?"

"असलं युनिट थंडी तयार करत नाही गं," दाजी सावकाश म्हणाले. "एकीकडची ऊब ओढतं आणि दुसरीकडे टाकतं. एवढंच त्याचं काम."

"मग आता कुठली ओढतंय?"

दाजींनी फोड आलेला तळवा उघडून पाहिला आणि परत मिटला.

"ते परत आत बसवा. माझ्यासाठी तरी."

"नको," ते म्हणाले. "इतके दिवस रडू येत नव्हतं, पण आत नुसतं जळायचं. आता जळत नाही. तो गेला, हे माहीत आहे. बस, माहीत आहे."

हॉटेलवाल्याला त्यांनी नाही म्हणून कळवून टाकलं.

हे सगळं ताईने मला गेल्या महिन्यात फोनवर सांगितलं. आवाजात चढ नाही, उतार नाही. जणू किराणा मालाची यादी वाचतेय. दिराचा विषय निघाला की जिचा गळा भरून यायचा, तीच ही.



"ताई... तू त्याला हात लावतेस का गं?"

 

"दुपारची बसते थोडा वेळ," ती म्हणाली. "दोघांचे हात मावतात त्यावर."

 मग तिने विचारलं,

"आई गेल्यापासून तुलाही झोप नाही ना नीट? ये की चार दिवस."

मी अजून तिला नाही म्हटलेलं नाही.