धुवणाची बादली

पंप बंद पडलाय आणि वीज तासाभरात काही येत नाही. तेव्हा बसा निवांत. तुम्ही दोघं नवीन आहात, उद्यापासून हा फिल्टर तुमच्या हाती येणार. तर आपल्या पानेदादाचं काय झालं ते आजच ऐकून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढे कुणीतरी अर्धवट, उगाच तिखटमीठ लावून सांगेल.

पानेदादा म्हणजे माझ्याआधीचा इथला ऑपरेटर. खिशात कायम पाना. माणूस लग्नातही पाना घेऊन जायचा आणि जेवण होईपर्यंत यजमानांचा गळका नळ दुरुस्त करून यायचा. भुताखेताचं नाव काढलं की हसायचा. म्हणायचा, "भूत असेल तर त्यालाही पाणी लागेल, येईल रांगेत."

या फिल्टरचं काम तुम्हाला ठाऊक आहेच. वर बांधापलीकडे वीजकेंद्राच्या राखेचा तलाव. कोळसा जळतो, राख उरते, ती पाण्यात कालवून पाइपाने तिथे आणून सोडतात. राख खाली बसते, पण तिच्यातला सोमल, म्हणजे आर्सेनिक, काही बसून राहत नाही. झिरपतो. आपल्या बोअरच्या पाण्यात उतरतो. रंग नाही, वास नाही, चव नाही. या दोन उंच टाक्यांमध्ये ते पांढरे दाणे भरलेत ना, ते सोमल धरून ठेवतात. तीन महिन्यांत दाण्यांचं पोट भरतं. मग रात्री, कुणी पाणी भरत नाही तेव्हा, कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने ते धुवायचे. दाणे पुन्हा कामाला लागतात.

आणि तीन महिन्यांचा सगळा सोमल त्या धुवणात येतो. बस्तीतल्या दोनशे घरांच्या पोटात गेला असता तेवढा, सगळाच्या सगळा.

ते धुवण मागच्या सिमेंटच्या बंद टाकीत सोडायचं आणि वर्षातून एकदा टँकर येऊन घेऊन जाणार, असं ठरलं होतं. कागदावर अजूनही तसंच आहे.

उताराच्या अगदी टोकाला, नाल्याच्या कडेला, शिलाईमावशीचं घर होतं. एकटी बाई. दोन खोल्या, एक मशीन, अंगणात स्वतःचा हातपंप. गुडघे गेलेले, त्यामुळे चढ चढून फिल्टरच्या नळापर्यंत येणं तिला जमायचं नाही. ती आपल्या हातपंपाचंच पाणी प्यायची. बस्तीतल्या प्रत्येक बादलीवर तिने शिवलेलं झाकण असायचं. कापडाच्या उरलेल्या तुकड्यांचं, कडेला इलॅस्टिक आणि दुहेरी शिवण. राख उडून पाण्यात पडू नये म्हणून. पैसे विचारले की म्हणायची, "चिंध्या तर आहेत, त्याचे काय घेऊ?"

पानेदादा महिन्यातून एकदा तिच्या पंपाचं पाणी तपासायला जायचा. बाटलीत पाणी, त्यात दोन पुड्या, बुचात कागदाची पट्टी, मग वीस मिनिटं वाट बघायची. पट्टी पांढरी राहिली तर चांगलं, पिवळी पडली तर जपून, तपकिरी झाली तर पिऊ नका. त्या वीस मिनिटांत मावशी मशीन चालवता चालवता हमखास विचारायची.

"भाऊ, पाण्यातून ते काढता ते चांगलंच. पण काढलेलं जातं कुठे?"

"टाकीत, मावशी. बंद टाकीत."

"आणि टाकीतून?"

"तुम्ही काज-बटण बघा, मावशी, पाण्याचं मी बघतो."

ती हसायची. तोही हसायचा. तेव्हा पट्टी फिकट पिवळी यायची, आणि दादा खोटंही बोलत नव्हता.

मग टाकी भरली. टँकर आला नाही. दादाने पत्र दिलं, पुन्हा दिलं, स्वतः जाऊन साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिला. "मागणी वर पाठवली आहे," असं उत्तर मिळालं. इकडे धुवायची तारीख आली. दाणे धुतले नाहीत तर नळाला सोमल. धुतले तर धुवण ठेवायचं कुठे? त्याच नळावर त्याच्या मुलीचं घर. तिला सहा महिन्यांची पोर, पोरीचं दूध वरचं, डब्यातली पावडर त्या पाण्यात कालवून दिलेलं. तुम्ही काय केलं असतं? त्याने बाजूचा व्हॉल्व्ह उघडला आणि धुवण नाल्यात सोडलं. म्हणाला, एकदाच.

एकदाच म्हणत चारदा झालं.

दुसऱ्या खेपेनंतर मावशीच्या पंपाची पट्टी तपकिरी आली. त्याने ती खिशात घातली. "काय म्हणतंय पाणी?" मावशीने विचारलं. तो म्हणाला, "ठीक आहे." का म्हणाला, हे त्याचं त्यालाही पुढे सांगता येईना. सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, हे आलं कुठून? त्या दिवसापासून तो नळाचे दोन कॅन भरून तिच्या दारात ठेवायला लागला. आठवडाभर ठेवले. मग पाठ धरली आणि ते राहून गेलं.

मावशीच्या तळहातांना घट्टे पडायला लागले. आधी टाचणीच्या डोक्याएवढे, मग मसुराएवढे. गुळगुळीत कापड हातात धरलं की धागा अडकायचा. तिने चांगली कापडं घेणं बंद केलं. नोव्हेंबरात ती गेली. दाराला कुलूप लागलं.

आता ती रात्र. जानेवारीची एकोणीस तारीख, गुरुवार. आभाळ स्वच्छ, थंडी बेताची. भीती वाटावी असं त्या रात्री काही नव्हतं. दादाने साडेअकराला कॉस्टिक सोडलं, बाराला बाजूचा व्हॉल्व्ह उघडला आणि याच बाकावर बसून डबा खाल्ला. बाहेर पाइपातून धुवण नाल्यात पडत होतं. त्या आवाजाची त्याला सवय झाली होती.

साधारण एकच्या सुमाराला आवाज बदलला.

बादली भरतानाचा आवाज कसा असतो, ठाऊक आहे ना? आधी जाड, मग वर वर चढत जातो, काठाशी आला की थांबतो. तसा आवाज. एक बादली भरली. थांबला. पुन्हा पहिल्यापासून.

दादा ताडकन उठला, पण भुताच्या भीतीने नाही. त्याला वाटलं, कुणीतरी पाणी समजून हे धुवण भरून नेतंय. तो टॉर्च घेऊन ओरडत धावला, "ओ, भरू नका ते! पिण्याचं नाही ते!"

कुणी नव्हतं.

पाइपातून धार पडत होती. मनगटाएवढी. दादाने टॉर्च खाली धरला. धारेखालचा नाला कोरडा होता. ओल नाही. वाळलेली राख, तिच्यावर जुनी पानं. पानंसुद्धा हलत नव्हती.

त्याने धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. धार थांबली.

आवाज थांबला नाही. बादली भरत राहिली. काठाशी आली... थांबली.

मग उताराच्या टोकाकडून मशीन सुरू झालं. टक टक टक टक. शिलाईचं मशीन. एक लांब टीप. थांबलं. पुन्हा तीच टीप, तिच्या शेजारून. दुहेरी शिवण.

दादा तिच्या दारापर्यंत गेला. कसा गेला, त्याला आठवत नाही. टॉर्च कुलपावर धरला. कुलूप गंजलेलं. आत अंधार. आत मशीन चालू.

"मावशी..."

मशीन थांबलं.

कुणी काही विचारलं नाही. पण त्याला ठाऊक होतं, काय विचारलंय.

"टाकी भरली होती, मावशी. मी पत्रं दिली... टँकर नाही आला. न धुवावं तर वरती सगळी... माझी नात... मी ते ठेवणार तरी..."

त्याने टॉर्च खाली केला.

"पट्टी तपकिरी होती. मी ठीक आहे म्हणालो."

मग कडी वाजली. दाराची नाही, बादलीची. भरलेली बादली उचलली की कडी करकरते, तशी. त्याच्या उजव्या हाताशी. मग दोन पावलं पुढे. मग चढावर. गुडघे दुखणारं माणूस चढतं तसं. एक पाऊल, थांबा. एक पाऊल, थांबा.

चढ कुठे जातो, ते दादाला कळायला दोन क्षण लागले. वरच्या गल्लीत. तिसरं घर. त्याच्या मुलीचं.

तो धावला. आयुष्यात कधी धावला नव्हता इतका धावला. पुढे करकर चालूच. अंतर कमी होईना. ती थांबत थांबत जात होती आणि हा जीव तोडून पळत होता... तरी अंतर तेवढंच.

गल्लीच्या तोंडाशी आवाज बंद झाला.

मुलीच्या घरात दिवा होता. दार उघडं. पोर आत रडत होती. पायरीवर बादली. झाकण अर्धवट सरकवलेलं, आणि मुलगी वाकून तिच्यात पातेलं बुडवत होती.

"ठेव ते!"

ती दचकली. "बाबा? अहो, तुम्हीच आणून ठेवलंत ना? नळ बंद आहे म्हणून... कडी वाजली, दार उघडलं तर बादली. वर झाकणही घातलेलं. बाळाचं दूध करायचंय."

दादाने तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि पाणी बादलीत परत ओतलं. जपून. थेंब सांडू न देता. तिचे हात स्वतःच्या शर्टाला पुसले. झाकण ओढून बसवलं. कापड कोरं होतं, इलॅस्टिक ताठ, कडेला दुहेरी शिवण.

पुड्या खिशात होत्याच; मुलीकडून बाटली घेऊन त्याने तिथेच पट्टी लावली. वीस मिनिटं लागलीच नाहीत. घातल्याबरोबर काळी पडली.

"मग ओतून द्या ना," मुलगी म्हणाली.

दादाने बादली उचलली. गटारात ओतायला गेला. गटार नाल्याला मिळतं. अंगणात ओतावं तर खाली आपल्याच बोअरचं पाणी. रस्त्यावर ओतावं तर सकाळी तिथे पोरं खेळणार. बंद टाकी भरलेली. तो बादली हातात घेऊन गल्लीत उभा राहिला. मुलगी दारातून बघत होती. तिला वाटलं, बाबांना काहीतरी झालंय. उजाडेपर्यंत तो तसाच उभा होता, या हातातून त्या हातात बादली बदलत. बोटं वळली होती, सोडवता येईनात. आणि तो लहान पोरासारखा रडत होता, हे त्यानेच मला सांगितलं.

पुढे काय व्हायचं? काही झालं नाही. टँकर अजून आलेला नाही. मुलीचं घर तिथेच आहे, जाणार कुठे? दादाने निवृत्त होईपर्यंत फिल्टर धुतला, मग मी धुतला, आता तुम्ही धुवाल. धुवावाच लागतो. व्हॉल्व्ह कुठला उघडायचा, तेही तुम्हाला ठाऊक आहे.

किल्ल्या देताना त्याने ती बादलीही माझ्या ताब्यात दिली. तुमच्या मागे, कोपऱ्यात आहे ती. दोन उन्हाळे इथे काढले तिने, या पत्र्याखाली. नुसत्या कापडी झाकणाखाली पाणी किती दिवस टिकतं, तुम्हीच सांगा. जरा कापड उचलून बघा.

काठोकाठ ना?

बसवा झाकण परत. आणि अंधारात उठताना जपून, पाय लागू देऊ नका. कलंडली तर पुसता येईल, त्याचं काही नाही. पण पुसलेलं फडकं पिळायचं कुठे, ते मलाही ठाऊक नाही.