मालनआजींचा नकार

मिरजेच्या वार्धक्य-प्रयोगशाळेत डॉ. मृदुला किणीकर सकाळपासून एका कागदावर सही करायचं टाळत होत्या. कागदावर लिहिलं होतं: मालनआजी चौगुले, वय शहाऐंशी, अर्धांगवायूने वाचा गेलेली, उठवायला गेल्यास विरोध करतात, सबब कायमच्या खाटेच्या विभागात हलवावे. त्या विभागाला खिडकी नव्हती. तिथे गेलेलं माणूस पुन्हा उभं राहत नसे, आणि सही चार वाजेपर्यंत हवी होती.

खरं तर वेदनावाहक पट्टी आजींसारख्यांसाठीच जन्माला आली होती. एक पट्टी रुग्णाच्या मनगटावर, तिच्याशी जुळवलेली दुसरी दिवसपाळीच्या सेविकेच्या मनगटावर. बोलू न शकणाऱ्याचं जिथे दुखे, तिथेच सेविकेला हलकी कळ जाणवे. या प्रयोगाला आरोग्यनिधीचा आधार होता आणि निधीचा नियम सुटसुटीत होता: ज्याची वेदना पट्टीतून वाहते, त्याचा उपचार निधीने करायचा. सेविकांचा त्यात उल्लेख नव्हता. सेविकांनाही कंबर असते, हे निधीच्या समितीतल्या थोर मंडळींच्या लक्षात आलं नसावं.

"मॅडम, सही करू नका." आजींची सेविका रेश्मा मगदूम दारात उभी होती. "रातपाळीच्या बायकांनी उठवलं की आजी गुमान उठत्यात. मी वाकले की ढकलत्यात. मला दुसरीकडं टाका, पर आजीस्नी खिडकीपाशी राहू द्या."

"तुझ्यावर राग आहे का त्यांचा?"

"राग असता तर माझ्याच हातनं जेवल्या असत्या व्हय?" रेश्मा रडवेली झाली. "माझं काय चुकलं, त्येच कळंना."

डॉक्टरांनी पट्टीची नोंद उघडली. प्रत्येक नकाराच्या आधी आजींच्या कमरेत कळ उठली होती. पण आजींच्या कमरेच्या तपासणीत कसलाच दोष निघाला नव्हता. त्यांनी अल्ताफ सतारमेकरला बोलावलं. पट्टी घडवणारा अभियंता तोच. घराणं मात्र सतारी घडवणाऱ्यांचं.

दोन्ही पट्ट्यांनी टिपलेल्या हालचालींचे आलेख बघता बघता अल्ताफचा चेहरा उतरला. "कळ उठते तेव्हा आजी हललेल्याही नाहीत. रेश्माताई वाकलेल्या आहेत."

"म्हणजे?"

"सतारीत वरची तार छेडली की खालच्या तरफांच्या तारा आपोआप वाजतात. पण सूर नेमका जुळला असेल तर तरफ छेडल्यावर वरची तारही कापते. मी पट्ट्या तशाच जुळवल्या आणि वेदना एकाच दिशेने जाईल असं धरून बसलो. अब्बा असते तर कान पिळला असता."

"रेश्मा, तुझी कंबर दुखते?"

"न्हाई." उत्तर फारच लवकर आलं. दुखण्यामुळे अपात्र ठरलेल्या सेविकेचं नाव कामाच्या यादीतून जातं, म्हणून दुखणं अंगावर काढायचं, हे तिथे नवीन नव्हतं.

तिघं आजींकडे गेली. आजी खिडकीबाहेर बघत खुर्चीत बसल्या होत्या. डॉक्टरांनी रेश्माला आजींच्या पाठीमागे ठेवलेली बादली उचलायला लावली. रेश्मा वाकली, आणि मागे वळूनही न बघता आजी कळवळल्या. चांगला हात वर करून त्या नको, नको करू लागल्या.

रेश्मा धावत पुढे आली. आजींनी हात तिच्या कमरेवर ठेवला, मणक्याच्या डावीकडे, आणि अंगठा रोवून चोळू लागल्या. तीस वर्षं त्यांनी हळदीच्या वखारीत पोती उचलली होती. कंबर कुठे जाते, ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"तिथंच," रेश्मा म्हणाली. "तीन महिनं झालं. कुणाला बोलले न्हाई." मग तिला सगळं उमगलं आणि हुंदका आवरेना. "मला वाकू देत नव्हता व्हय ओ आजी?"

डॉक्टरांनी सही न करताच कागद उलटा केला आणि मागे लिहिलं: रुग्ण क्रमांक दोन, रेश्मा मगदूम. वेदना पट्टीतून वाहते. पुरावा जोडला आहे.

"समिती खवळेल," अल्ताफ म्हणाला.

"खवळू दे. नियम समितीचाच आहे."

"पण तोवर आजींना फुकटचा त्रास. पट्टी काढून ठेवतो." त्याने हात पुढे केला. आजींनी मनगट छातीशी घट्ट ओढून घेतलं आणि जोरजोरात मान हलवली.

रेश्माने पदराने डोळे पुसले.

"राहू द्या, सायेब. काढायच्या न्हाईत पट्ट्या," ती म्हणाली. "आता मलाच लवकर बरं व्हायला पायजे. आजीस्नी दुखतंय."