हिंदमाताच्या नाल्यातली हाक

बसा असे, दाराकडे पाठ नको. सांगतो, पण मध्येच 'भास झाला असेल' म्हणायचं नाही. माझं डोकं फिरतं.

मी मुंबईच्या पावसाळी नाल्यांचा मुकादम. मे महिन्यात रस्त्याखालच्या नाल्यात माणूस उतरवून गाळ किती साठलाय ते बघायचं, हे आमचं काम. तेही ओहोटीलाच. भरती लागली की समुद्राचं पाणी रे रोडकडून उलटं आत शिरतं आणि नाला छतापर्यंत भरतो.

त्या दिवशी दुपारी तीनला हिंदमाताच्या नाल्यात हितेंद्र उतरला. माझ्या धाकट्या बहिणीचा, सीमाचा नवरा. त्याच्या छातीवरचा पट्टा मीच कसला होता. पट्ट्याला बांधलेल्या दोराचं टोक माझ्या हातात.

खाली नावाने हाक मारायची नाही, हा आमचा जुना नियम. दोराला दोन झटके म्हणजे वर ओढा. बोलायचंच झालं तर 'ए गडी' म्हणायचं. माझ्या आधीचे मुकादम अच्युतमामा, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "नावाला ओ देणारा आपलाच असेल असं नाही."

साडेतीन झाले. दोर हलेना. कुजक्या वासात खारट वास मिसळायला लागला, म्हणजे भरती लागली होती. मधुरा मॅडम, आमच्या इंजिनियर, सारख्या घड्याळ बघत होत्या. मी 'ए गडी, ए गडी' करून घसा फोडला. काही नाही. सीमाला काय तोंड दाखवू? आणि तोंडातून गेलंच, "हितेंद्र..."

"ओ दादा..." दादरच्या बाजूने आवाज आला.

मग परळच्या बाजूने, जरा दमलेला, "ओ दादा..."

नाल्यात आवाज घुमतो, मी मनाशी म्हटलं. तेवढ्यात दोन झटके बसले. मॅडमनी आणि मी जीव खाऊन ओढलं. हितेंद्र वर आला. पट्टा नव्हताच, दोर नुसता मुठीत धरलेला.

"पट्टा कुठंय रे?"

"सोडला. झाकण लाव."

असा तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. मी झाकण सरकवायला घेतलं आणि खालून, अगदी शिडीच्या पायाशी, "दादा... थांब. पाणी चढतंय... मी इथंय..."

मॅडम दोन पावलं मागे सरकल्या. "मुकादम... खाली अजून कोणी आहे?"

मी वाकणार, तोच हितेंद्रने माझी मानगूट धरली. हात बर्फासारखा. "वाकलास तर तुलाही तिथंच ठेवीन," तो कानाशी म्हणाला. मग पायाने झाकण ढकलून त्यावर उभा राहिला.

शेजारी साडीच्या दुकानात गिऱ्हाइकं भाव करत होती. झाकणाला खालून थापा बसत होत्या. मी त्याला बाजूला लोटू शकलो असतो, माझं वजन दुप्पट आहे. नाही लोटलं. भ्यालो, सरळ सांगतो. चारच्या सुमाराला थापा थांबल्या.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी एकटा उतरलो. गाळ होता. बाकी काही नव्हतं.

काल सीमा आली होती. चहाला हात न लावता हळूच म्हणाली, "दादा, हे रोज झोपेतून उठून बसतात आणि मला एकच विचारतात..."

"काय?"

"दादाने झाकण नीट लावलंय ना?"