रिकामा टाक

हे खरं घडलेलं आहे. पटवून देत बसायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं.

तारीख सांगतो. सतरा जानेवारी १९५९, शनिवार. वेळ दुपारी तीनची. जागा, शहापूरच्या बाजारपेठेतलं माझं सोनाराचं दुकान.

रात्र नव्हती. अमावास्या नव्हती. बाहेर लख्ख ऊन होतं. लोकांना अशा गोष्टीला काळोख लागतो. मला तेवढीही सोय मिळाली नाही.

आधी माझ्या नादाबद्दल सांगतो, कारण सगळं त्यातून झालं.

खेड्यापाड्यातून लोक आमच्याकडे जुनी चांदी आणायचे. मोडलेले वाळे, गोठ, करगोट्या. आम्ही ती आटवून नवीन दागिना घडवून द्यायचो. त्यात कधीकधी जुनी नाणी निघायची. वडील ती सरळ मुशीत टाकायचे. माझा हात धजेना. मला त्यांच्यावरचे चेहरे आवडायचे, बाकी काही नाही.

मुंबईला चांदी आणायला जायचो, तिथे एका पारशी म्हाताऱ्याशी ओळख झाली. मी त्यांना पारशीबाबा म्हणायचो. ग्रीक राजांची नाणी आणि जुन्या नोटा ही त्यांची दोन वेडं. त्यांच्याबरोबर मीही फोर्टात लिलावाला जाऊ लागलो. आदल्या दिवशी माल बघायला मांडलेला असायचा. मखमलीच्या ताटात नाणी, काचेखाली नोटा. राणीच्या राज्यातल्या, एकाच बाजूनं छापलेल्या. काही तर मधोमध कापलेल्या. पूर्वी टपालात चोरी होऊ नये म्हणून नोट कापून दोन पाकिटांतून पाठवत. पारशीबाबा तसल्या एका अर्ध्या नोटेचा दुसरा तुकडा बारा वर्षं शोधत होते. मला हसू यायचं. मग मलाही तोच रोग लागला.

त्यांनीच मला मिनँडर दाखवला. दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक राजा. आपण त्याला मिलिंद म्हणतो. चवलीएवढं चांदीचं नाणं, एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला ढाल घेतलेली देवी.

"असं एक गावात मिळालं तर आटवू नको, दीकरा," ते म्हणाले होते.

आणि मिळालं.

त्या शनिवारच्या दोन दिवस आधी कुंडलिक दुकानात आला. किन्हवलीच्या पुढच्या एका गावातला भातशेतीवाला. गावाचं नाव लिहीत नाही, त्याची नातवंडं तिथे नांदताहेत. त्यानं फडक्याची गाठ सोडली आणि हळदीकुंकवानं माखलेलं एक नाणं माझ्यापुढे ठेवलं.

"शेट, थोरल्या भावाचा टाक हाय. देवरामचा. पार झिजलाय. आन पावनंरावळं हसत्यात, म्हंत्यात गोऱ्या सायबाचं थोबाड पुजताय. नीट करून द्या. घोडा, तलवार, पागोटं."

टाक म्हणजे काय हे हल्ली सांगावं लागतं. घरातलं माणूस गेलं की चांदीच्या पत्र्यावर त्याची मूर्त ठोकून ती देवघरात बसवतात. लग्नाआधी गेलेल्याची तर बसवावीच लागते. मग तो घरातच राहतो. त्याला भात मिळतो, हाक मिळते.

देवराम गवताच्या कामावर होता. मुरबाडच्या पुढे नाणेघाटाच्या पायथ्याशी गवत कापताना त्याला हे नाणं सापडलं. त्यानं ते कमरेच्या चंचीत ठेवलं. पुढे तो तापानं गेला, तेव्हा ते अंगावरच होतं. त्याच्या आईनं, सकुबाईनं, ते हातात घेतलं, राजाचं नाक बघितलं आणि म्हणाली, हा माझा देवरामच आहे. टाक घडवायला सोनाराकडे कुणी गेलंच नाही. तेच नाणं बसवलं. नऊ वर्षं.

मी हळद पुसली. मिनँडर.

आता आमच्या धंद्याचा नेम ऐका. झिजलेला टाक नवा करायचा, तर जुन्याचीच चांदी नव्यात गेली पाहिजे. गुंजभरही बाहेर राहता कामा नये. माझ्या वडिलांनी हा नेम जन्मभर पाळला.

मी मोडला.

दुकानातल्या चांदीचा टाक घडवला. चांगला वजनदार. घोडा, तलवार, पागोटं सगळं काढलं. कुंडलिक खूश होऊन गेला. नाणं मी कापसात गुंडाळून खणात ठेवलं. आपण जास्तच चांदी दिली, त्यांचं नुकसान कुठे झालं, असं मनाला सांगितलं. एक मात्र खरं. मिळालेल्या प्रत्येक नाण्यावर कागद ठेवून मी पेन्सिलीनं त्याचा ठसा वहीत घ्यायचो. ह्याचा घेतला नाही. पुरावा नको होता.

तर तो शनिवार. दुपारची सामसूम होती. मी एका नथीचा फासा बसवत होतो.

आणि मागून...

खोकला.

दोनदा. कोरडा.

माझ्या मागे भिंत होती. भिंतीला तो खण.

मी उठून बाहेर बघितलं. रस्त्यावर माणूस नाही. परत बसायला गेलो, तर माझ्या पाटावर गवताची एक काडी पडलेली. वाळलेली.

वाऱ्यानं आली असेल, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत खोकला. तिसऱ्या दिवशी परत. मग घरी सुरू झालं. मैना, माझी बायको, वीस वर्षं अंदाजानं भात टाकत होती. आम्ही दोघंच. तो कमी पडायला लागला. रोज, बरोबर एका माणसाचा.

"तुम्ही कुणाला जेवायला घालताय का?" तिनं एकदा विचारलं.

मी ताट पुढे ओढलं.

एके दिवशी मी काट्याची काचपेटी उघडली. दोन्ही पारडी रिकामी. बघता बघता डावं पारडं खाली गेलं... आणि खालीच राहिलं.

मी त्याच आठवड्यात नाणं पारशीबाबांकडे पोचवलं. फेब्रुवारीतल्या लिलावात ते गेलं. हातोडा पडला तेव्हा मी दाराशी उभा होतो. कुणी घेतलं ते कळलं नाही. तिथे घेणाऱ्याचं नाव पुकारत नाहीत, नंबर पुकारतात.

खोकला थांबला. भात पुरायला लागला. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

होळीच्या आधी सकुबाई आली. सत्तरीची बाई, धापा टाकत. तिनं मी घडवलेला टाक माझ्यापुढे ठेवला.

"सोनारदादा, ह्यात माझा देवराम नाय."

"असं कसं, आजी? त्याच्याच चांदीचा आहे."

"रिकामा हाय ह्यो." ती शांतपणे म्हणाली. "त्याला गवताच्या धुळीचा खोकला व्हता. गेला तरी जात नव्हता. रोज दुपारच्याला भात ठिवला का दोनदा खोकायचा, मंग मला कळायचं, जेवला. तुमी नवा करून दिला तवापासून घर गप हाय."

मी हातातला चिमटा खाली ठेवला.

"तुमी आयकला का वो त्याला? हितं?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलं. टाक पदरात बांधला आणि निघून गेली.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. दर बाजाराला यायची, पायरीवर बसायची, पाणी मागायची, आणि दुकानाच्या आतल्या बाजूला कान लावून असायची. दोन वर्षं. एकदा एवढंच म्हणाली, "मी हाय तवर हाक मारीन. माज्या मागं त्याला कोन बलवनार? कुंडलिकला तर ह्यो घोडावाला टाकच खरा वाटतोय."

मी थकलो. रात्री डोळा लागेना. शेवटी मैनाला सगळं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग हातातल्या पाटल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या.

"आणा त्याला परत," म्हणाली.

१९६१ च्या मार्चमध्ये लिलावाची यादी आली. त्यात होतं : मिनँडरची चार नाणी, ठाणे जिल्ह्यात मिळालेली, सोबत जुन्या नोटांचं एक पुडकं. सगळं एकत्रच विकायचं होतं. माझी खात्री झाली. ह्या चारांत तो असणार.

माल बघायच्या दिवशी मी ती चार नाणी हातात घेतली. सगळी कुणीतरी तेजाबानं धुतलेली. हळदीचा कणसुद्धा नाही. मी सोनार. लोकांचं सोनं नजरेनं ओळखतो. मला माझं पाप ओळखता येईना. चारांपैकी दोघांची नाकं झिजलेली होती. एकेक नाणं मी मुठीत धरून उभा राहिलो. ऐकत राहिलो.

काही नाही.

दुसऱ्या दिवशी बोली चढत गेली. माझ्यासमोर एक व्यापारी होता, त्याला नोटा हव्या होत्या. मी हात खाली घेतलाच नाही. पाटल्या गेल्या, वडिलांच्या वेळची भिकबाळी गेली. नोटांचं पुडकं मी तिथेच त्या व्यापाऱ्याला विकून टाकलं, तेवढाच भार हलका झाला. पारशीबाबा म्हणाले, मूर्ख आहेस. मी म्हटलं, हो.

एसटीनं किन्हवली गाठली, तिथून चालत गेलो. सकुबाई अंथरुणाला खिळली होती. कुंडलिक रानात गेला होता. मी तिच्या उशाशी बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.

ती माझ्यावर थुंकेल असं वाटलं होतं.

"म्हंजे तुमी आयकला व्हता," ती म्हणाली.

"हो."

"किती डाव?"

"रोज. दोनदा."

तिचा चेहरा एकदम सैल झाला. "मंग तितं जेवत व्हता म्हना."

तिनं सुपात तांदूळ पसरायला लावले. त्यावर मी चार नाणी ठेवली. ती एकेक उचलायची, अंगठ्यानं चेहरा चाचपायची, तळहातावर घेऊन डोळे मिटायची.

"ह्यो नाय."

दुसरं.

"ह्यो बी नाय."

तिसरं तिनं बराच वेळ धरलं. मग सुपात ठेवलं. चौथं उचललं.

"नाय, दादा. ह्यात कुनीच माझा नाय."

मला रडू फुटलं. एवढा मोठा माणूस, त्या मातीच्या घरात मी पोरासारखा रडलो. म्हटलं, आजी, मी अजून शोधतो. दुसरा लिलाव असेल. कलकत्त्याला जातो. ती ऐकत नव्हती. तिनं ते तिसरं नाणं परत उचललं होतं.

"पर ह्यात कोन तरी हाय," ती म्हणाली. "लई लांबून आलाय. लई दमलाय. कदीपासून कुनी भात नाय ठिवला ह्याला."

"आजी, ते आपल्यातलं नाही. राजाचं नाणं आहे नुसतं."

"आसंल. कुना आईचा तर असंल." तिनं नाणं छातीशी धरलं. "ह्याला मी ठिवते. माझ्याला बी कुनी आसंच ठिवून घेईल."

तिनं त्याला देवघरात बसवायला लावलं. माझ्याच हातानं. पुढे भात ठेवला. आम्ही दोघं वाट बघत बसलो. खोकला आला नाही. काहीच आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती त्याला हाक मारायची. देवराम म्हणून नाही. "बाबा, जेव रं," एवढंच. हे मला कुंडलिकनं नंतर सांगितलं.

जूनमध्ये ती गेली. भर दुपारची वेळ होती. निरोप आला तसा मी सापगावच्या एकाची सायकल घेऊन निघालो. पोचलो तेव्हा तिला ओटीवर ठेवलं होतं. बायका, पुरुष, सगळे बाहेर अंगणात. कुंडलिक खांबाला टेकून होता. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, भीती होती.

"शेट, घरात कुनी नाय," तो म्हणाला. "सगळी हितंच हायेत. मोजून बगा."

मी कान दिला.

आत, देवघरापाशी... कुणीतरी रडत होतं.

पुरुषाचा आवाज होता. हुंदके देत, मधेच बोलत, परत रडत. आपलं माणूस गेल्यावर कुणी जसं त्याच्याशी बोलतं तसं. अंगणातल्या सगळ्यांनी ऐकलं. पण त्यातला एक शब्दही कुणाला कळला नाही. मराठी नव्हतं. हिंदी नव्हतं. मी मुंबईला बारा भाषा ऐकल्या आहेत, त्यातली एकही नव्हती.

एकच सारखं सारखं येत होतं. दोन अक्षरी काहीतरी. हाक मारल्यासारखं.

तिरडी उचलेपर्यंत ते चाललं. मग थांबलं.

"शेट, कोन हाय ह्यो?" कुंडलिकनं विचारलं.

मला सांगता आलं नाही. आजही येत नाही. कुंडलिकनं ते नाणं देवघरातून काढलं नाही, उलट घोडावाला टाक काढून भातसा नदीत सोडला. त्यांच्या घरी अजून रोज भात ठेवतात, असं ऐकतो. उरलेली तीन नाणी माझ्याकडे आहेत. मैना होती तोवर ती त्यांच्यापुढे भात ठेवायची, आता मी ठेवतो. आहे की नाही कुणी, मला कळत नाही. विचारायला सकुबाई नाही.

म्हातारीला शेवटी रडायला मुलगा मिळाला, असं लोक म्हणतात. मीही मान हलवतो.

पण तिचा देवराम? तो कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी खणात, कापसावर पडला असेल. मी विकलेला. दुपार झाली की खोकत असेल, आणि ज्याच्या घरात असेल तो मागे वळून बघत असेल, आणि कुणी नाही म्हणून परत कामाला लागत असेल.