मधली ओळ

दादाच्या कीबोर्डवर एफ आणि जे या दोन कळांवर बारीक उंचवटे आहेत, न बघता बोटांना जागा सापडावी म्हणून. जेवरचा उंचवटा झिजून सपाट झालाय. एफवरचा अजून नखाला लागतो. दादा उजव्या हाताने जास्त जोर देतो, एवढाच त्याचा अर्थ. मी मोजमापाच्या प्रयोगशाळेत काम करते, दुसऱ्यांची उपकरणं बरोबर दाखवतात की नाही ते तपासते. असं काही दिसलं की मनात नोंद होतेच, कितीही थकलेली असले तरी.

त्या शनिवारी थकलेलीच होते. आठवडाभर झोप धड लागली नव्हती, आणि दुपारी छापखान्याच्या बाईंचा फोन आला.

"ताई, तुमच्या बंधूंना जरा विचारा ना. पानापानावर त्यांनी लिहिलंय, 'मध्ये घुसलेली ओळ काढावी'. आम्ही डोळ्यांत तेल घालून बघितलं. काढायला ओळच नाहीये हो."

"कुठलं पुस्तक?"

"भूगोल. त्याआधी गणिताचंही तेच. एरवी त्यांचं काम सोन्यासारखं. पण मला छपाई थांबवून ठेवता येत नाही. हे असंच राहिलं तर दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

दादाची दृष्टी तरुणपणीच गेली. तो शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासतो, तीही कानांनी. त्याच्या कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर आहे, म्हणजे पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. तो ज्या वेगाने ऐकतो त्या वेगात मला एक शब्द कळत नाही. डब्यात वाळू हलवल्यासारखा आवाज येतो नुसता. त्या वाळूतून दादा वेलांटीची चूक वेचून काढतो.

हे काम टिकलं तर तो एकटा राहू शकत होता. आणि तो एकटा राहू शकला, तरच मला जाता येणार होतं. लांबच्या एका शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेने मला बोलावलं होतं. उत्तराची मुदत मी पुन्हा पुन्हा वाढवून घेतली होती. आज संध्याकाळी ती संपत होती. दादाला यातलं काही सांगितलं नव्हतं. जायचं की राहायचं हेच ठरत नव्हतं, तर सांगणार काय?

मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढली.

"कधीपासून येते ही ओळ?"

"तू स्क्रीन रीडरची नवी आवृत्ती बसवून दिलीस तेव्हापासून."

"म्हणजे खापर माझ्यावरच."

"खापर नाही, शास्त्रीणबाई. तक्रार. रीतसर."

"काय असतं त्या ओळीत?"

दादाने मान दुसरीकडे वळवली. "कचरा असतो. तू आवाजाचं बघ."

मशीनवर लिनक्स ही प्रणाली आहे. तिचा सगळा कोड उघडा असतो, कुणालाही आत डोकावता येतं. म्हणूनच मला ती आवडते. स्क्रीन रीडर मजकूर उचलतो, पुढच्या प्रोग्रामला देतो, तो त्याचा आवाज बनवतो, आवाज स्पीकरकडे जातो. साखळीतली प्रत्येक कडी आपण काय घेतलं आणि काय दिलं ते लिहून ठेवते. मी ते सगळं समोर उघडलं आणि दादाला पान वाचायला लावायला सांगितलं.

वाळू हलली. थांबली. एक छोटीशी सळसळ झाली. मग पुन्हा वाळू.

"आली," दादा म्हणाला.

मी पडद्यावर बघितलं. नद्यांवरचा एक परिच्छेद, त्याखाली नद्यांवरचाच दुसरा. मध्ये कुणी काही दिलं नव्हतं, कुणी काही घेतलं नव्हतं.

आवाज बनवणारा प्रोग्राम बंद करून परत सुरू केला. तेच. बोलणारा आवाज पुरुषाचा होता तो बदलून बाईचा केला. परिच्छेद बाईच्या आवाजात आले, मधली सळसळ जुन्याच आवाजात. वेग कमी केला, अगदी मला कळेल इतका. "नदी वळण घेते तेव्हा बाहेरच्या काठाची झीज होते," मशीन सावकाश म्हणाली. मग ओळ आली, पहिल्याइतक्याच वेगाने, झर्रकन. त्यानंतर पुन्हा सावकाश, "आतल्या काठावर गाळ साचतो."

मी माऊसवरचा हात काढून घेतला.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"काही नाही. मान अवघडलीय."

अशा वेळी मी लोकांना विचारते. या प्रणालीवर काम करणाऱ्यांचा एक चर्चामंच आहे. तिथे दहा जण दहा उपाय सांगतात आणि अकरावा म्हणतो, सगळं पुसून नव्याने टाका. शोधल्यावर एक जुना प्रश्न सापडला. कुणीतरी नेमकं आमचंच लिहिलं होतं, की परिच्छेदांच्या मध्ये एक जादा ओळ ऐकू येते, नोंदीत दिसत नाही, वेग बदलला तरी तिचा वेग बदलत नाही. खाली त्याच माणसाने लिहिलं होतं, "सुटला." कसा सुटला ते लिहिलं नव्हतं. त्याखाली अनेकांनी विचारलं होतं, अहो, उपाय तरी सांगा. उत्तर नव्हतं. तो माणूस परत तिकडे फिरकलाच नव्हता.

मी पेन ड्राइव्हवर कोरी प्रणाली घेतली, मशीन त्यावर सुरू केली. जुनं काहीच राहिलं नाही. आमच्या सेटिंग नाहीत, ती नवी आवृत्तीही नाही.

ओळ आली.

"चहा टाकते," मी म्हटलं. दुसरं काही सुचत नव्हतं.

स्वयंपाकघरातून मला वाळूचा आवाज ऐकू येत होता. सलग. पाणी उकळलं, चहा गाळला, तरी तो कुठे अडला नाही.

"आली का रे?" मी ओरडून विचारलं.

"नाही."

कप घेऊन दारात पाऊल टाकलं आणि सळसळ झाली.

कप मी टेबलावर ठेवले. थोडा चहा बशीत सांडला. छापखान्याच्या बाईंनी परत पाठवलेली सगळी पानं उघडली आणि खुणा केलेली कधी तपासली ते बघत गेले. सगळी संध्याकाळची होती, नाहीतर सुट्टीच्या दिवसांची. मी कामावर असताना तपासलेल्या पानांवर एकही खूण नव्हती.

मी खाली वाकले आणि स्पीकरची वायर उपटली.

वाळू बंद झाली. पडद्यावर वाचनाची खूण शब्दांवरून सरकत होती, पण आवाज नव्हता. परिच्छेद संपला.

सळसळ झाली.

वायर माझ्या हातात होती.

"दादा, त्या ओळीत काय असतं?"

तो कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"तू खोलीत असलीस की येते," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"अंदाज होता. म्हटलं, बिघाड असला तर तुला सापडेल. तुझ्या हातून काही सुटत नाही. सापडला?"

"नाही."

"तेच." तो थकल्यासारखा हसला. "मी त्या खुणा करत बसलो, म्हणजे कुणीतरी ती काढून टाकेल. वेडेपणाच तो. आवाज मशीनचाच आहे गं. पण बोलण्याआधी श्वास घेते. अर्धा. तू घेतेस तसा. मशीनला श्वास कशाला लागेल?"

वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली.

"'दादा' म्हणून सुरू होते," तो म्हणाला. "आधी तेवढंच यायचं. मग रोज थोडं थोडं पुढे. आज पूर्ण आली."

"काय म्हणते?"

"मी नाही सांगणार. ती बोलणार तू आहेस."

"पण माझं अजून ठरलेलंच नाही."

"हं," दादा म्हणाला.

खिडकीतलं ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर गेलं होतं. मुदत संपायला थोडाच वेळ होता. राहते म्हणावं, असं मला वाटत होतं. त्याच्या शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात होतं, आणि राहते म्हणावं असं मला खरंच वाटत होतं.

मी श्वास घेतला. पुरता आत गेला नाही.

दादाचे ओठ हलायला लागले.

आवाज नव्हता. पाठ झालेलं म्हणावं तसे नुसते ओठ. मी कधी कुणाचे ओठ वाचलेले नाहीत, तरी ते वाचता येत होते. तो माझ्या एक शब्द पुढे होता.

"दादा," मी म्हटलं, "मी जाते आहे."