बैलांना पाठ झालेलं गाणं

बापाची, आण्णासाहेबांची, न्याहारी घेऊन द्वारका बांधावरून निघाली होती. शेजारच्या विहिरीवरून असा काही आवाज आला, की कुणाला तरी विंचू चावला असंच तिला वाटलं.

विंचू नव्हता. बलभीम मोट हाकत गात होता – "ऐ गुल-ए-रंगीन, सुन मेरी फर्याद…"

विहिरीपासून उतरत जाणाऱ्या धावेच्या मधोमध बैलं थांबली होती आणि विहिरीत अर्ध्यावर लोंबकळणारी चामड्याची मोट पाणी सांडत होती. द्वारका खुदकन हसली.

"हसाया काय झालं?"

"बैलं मराठी अन् फर्याद उर्दूत! त्यांनी ती काय तहसिलीत न्यायची?"

निजामाच्या उर्दू शाळेत चार बुकं शिकलेला बलभीम कानापर्यंत लाल झाला. "मग तूच सांग, कसं रचायचं?"

द्वारकाच्या ओव्या गावातल्या जात्याजात्यावर गायल्या जायच्या. खरं तर तिनं सरळ वाट धरायची. पण त्याचे डोळे असे काही होते, की… तिनं दुरडी खाली ठेवली.

"रोज बोलता तेच शब्द घ्या. धाव संपायच्या आत ओळ संपली पाहिजे. अन् एक तुकडा परत परत यावा, ऐकणाऱ्यानं तुमच्या आधी म्हणावा असा."

"आन्?"

"अन् त्यात एक नाव घाला… घेताना तोंड गोड व्हईल असं."

"कुणाचं?"

"तेबी म्याच सांगू?"

त्यानंतर आण्णासाहेबांना रोज गार भाकरी मिळू लागली. गाणं तयार झालं, पण द्वारका बांधावर आली की बलभीम अडखळायचा. "चल रं ढवळ्या, भर रं पाट – शिवम्मा माझी बघती वाट!" आणि बैलं नेमकी तेव्हाच थांबायची.

"ही शिवम्मा कोण?" तिनं एकदा विचारलंच.

"हाय… मावशीच्या गावची."

"बसत न्हाई ते नाव गाण्यात," द्वारका फणकारली आणि तरातरा निघून गेली. त्या शिवम्माला तिनं वाटेत मनातल्या मनात चार शिव्याही हासडल्या.

घरी माकणी गावचं स्थळ येऊन बसलं होतं. येत्या बाजाराच्या दिवशी सुपारी फोडायची, असं आण्णासाहेब म्हणाले. द्वारकाचा जीव तुटत होता. तिला बलभीम हवा होता, आणि बलभीम तर त्या शिवम्माला पाट भरून देत होता!

अशात आण्णासाहेबांचा एक बैल लंगडला. गहू ओंबीत आलेला, पाणी तर द्यायलाच हवं. त्यांनी बलभीमची जोडी पैऱ्यानं आणली – आज तुमची बैलं आम्हाला, उद्या आमची तुम्हाला. पैऱ्याचा रिवाज मात्र कडक. दुसऱ्याच्या जनावराला चाबूक लावायचा नाही.

जोडी धावेवर उभी राहिली ती राहिलीच. आण्णासाहेबांनी चुचकारलं, पाठ थोपटली, हातापाया पडायचे तेवढे बाकी राहिले. बैलं निवांत रवंथ करत होती. शेवटी बलभीमला हाक गेली.

"काय म्हणतोस रं ह्यांना?"

"गाणं… म्हणतो."

"मग म्हण की!"

न्याहारी घेऊन आलेली द्वारका समोरच उभी. बलभीम चाचरत म्हणाला – "…शिवम्मा माझी बघती वाट!"

बैलांचा कानही हलला नाही.

"नीट म्हण! गहू वाळाया लागलाय माझा!"

बलभीमनं द्वारकाकडे पाहिलं, डोळे गच्च मिटले आणि खड्या आवाजात म्हणाला – "चल रं ढवळ्या, भर रं पाट, द्वारका माझी बघती वाट!"

बैलं अशी सुटली, की मोट उसळून वर आली आणि आण्णासाहेब पटक्यासकट न्हाऊन निघाले.

"रोज… माझ्या पोरीचं नाव… बैलांना?"

"आण्णा, बैलांनाच सांगितलं. माणसांना सांगायची छाती व्हईना."

द्वारकाच्या आता ध्यानात आलं. म्हणजे ती येताना दिसली, की हा नाव बदलायचा!

आण्णासाहेब तिच्याकडे वळले. "काय गं? हा म्हणतो ते खरं हाय का? बघतीस वाट?"

द्वारकानं मान खाली घातली… आणि मग वर केली. "व्हय आण्णा. लई दिसांपासनं."

आण्णासाहेब बराच वेळ पटका पिळत राहिले.

"माकणीला निरोप धाडतो," ते अखेर पुटपुटले. "बघतोस काय रं? गा की! पाट कोरडा पडलाय."

बलभीमनं तोंड उघडलं, पण आनंदानं आवाजच फुटेना. मग द्वारकानंच पदर खोचला, त्याच्या हातातला कासरा घेतला आणि भर दिवसा, बापासमोर, गायला सुरुवात केली.