किनकार्नच्या बराकीतला कोपरा

फलक १. किनकार्नची बराक गावामागच्या टेकडीवर काळ्या दगडात बांधली. एका खोलीत वीस शिपाई. लग्न झालेल्याला कोपरा मिळे. दोरीवर एक कांबळं टांगलं की झाला संसार. बाळंतपणंही त्याच्यामागेच होत.

फलक २. पलटण समुद्रापार निघाली की शंभर शिपायांमागे सहाच बायका बरोबर नेत. आदल्या दिवशी ढोलात चिठ्ठ्या टाकत. काहींवर ‘जायचं’, बाकीच्यांवर ‘राहायचं’. प्रत्येकीने एकदाच हात घालायचा. ‘राहायचं’ निघालेली बाई त्याच दुपारी फाटकाबाहेर, मग ती पोटुशी का असेना.

(हे फलक मीच लिहिते. आयला मकफी, बराकीच्या संग्रहालयात एकोणीस वर्षं. ढोलातल्या बारा चिठ्ठ्याही मीच कापल्या, सहा-सहा. पाहुणे एक काढतात, हसतात, परत टाकतात.)

फलक ३. कोपऱ्यातलं कांबळं

इथवर लिहिलं आणि माझी मुलगी मोरव्हन आली. सातवा महिना. दुसऱ्या दिवशी ती आणि जावई रॉरी कॅनडाला निघणार होते, कायमचे.

“आई, काढू का एक? बघू तरी, सोडतात का मला.”

“हात पूस आधी. चिप्सचं व्हिनेगर लागेल.”

‘राहायचं’ निघालं.

“झालं,” रॉरी म्हणाला. “सासूबाई, ढोल फितवलात तुम्ही.”

“गप रे,” मोरव्हन म्हणाली. “पुन्हा काढते.”

पुन्हा तेच. मोरव्हन हसली. मला हसू आलं नाही, कारण क्षणभर मला खरंच बरं वाटलं होतं.

“बाळाची शाल देतेयस ना?”

“एक कड राहिलीय विणायची,” मी म्हणाले.

शाल पुरी होऊन पंधरा दिवस झाले होते. इथल्याच टेबलाच्या खणात होती.

ते गेल्यावर ढोल उपडा केला. तेरा चिठ्ठ्या. तेरावी माझी नव्हे: जाड, पिवळट, हाताने फाडलेली, वर ‘राहायचं’. बोटांना किंचित ऊबदार लागली.

नेहमीप्रमाणे सगळ्या परत टाकल्या.

फलक ३. कोपऱ्यातलं कांबळं नवं आहे. त्याच्यामागे भिंत आहे. दुसरं काही नाही.

गुरुवारी दुपारी मी बराकीत असताना फोन आला.

“आई, पोचलो. पण विमानात बसल्यापासून बाळ हललं नाही. दवाखान्यात आलोय. ठोके नीट आहेत म्हणतात. पण आई, मला ते आत आहे असं वाटतच नाही.”

खोलीत दुधाचा वास होता.

कांबळ्यामागे कुणीतरी थोपटत होतं. हळू, सवयीच्या हाताने.

“आई, ऐकतेयस ना?”

“ऐकतेय.”

कांबळं मी उचललं नाही. खणातली शाल काढली आणि दोरीवर टाकली.

फलक ३.

संध्याकाळी कुलूप लावताना पाहिलं. शाल आतल्या बाजूने ओढून घेतलेली होती.